किल्ली खिशात होती
‘नशेत होतो, काही कळलंच नाही’ या सबबीवर आपल्याकडे निम्मी माफी मिळते. कायदा मात्र इतका भोळा नाही. नकळत किंवा बळजबरीने पाजलं गेलं आणि भानच उरलं नाही, तर तो सोडतो. स्वतःहून प्यायलेल्याला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती, असं धरून चालतो. 2006 साली वांद्र्याच्या कार्टर रोडवर मद्यपी चालकाच्या गाडीने फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हे, सदोष मनुष्यवध आहे, असं म्हणत तीन वर्षांची शिक्षा कायम केली. पण त्या क्षणी ताबाच नव्हता, तर दोष कसला? दोष त्या क्षणाचा नाहीच. किल्ली खिशात ठेवून पहिला पेला उचलला, तेव्हाचा आहे. मग तेवढीच पिऊन गाडी चालवत सुखरूप घरी पोचलेलाही दोषी? हो. (पचायला जड आहे, कारण त्यात आपल्यातलेही बरेच येतात.) व्यसनाधीन माणसाला पेला टाळणं कठीण, हे मान्य; किल्ली दुसऱ्याकडे देणं तितकं कठीण नाही. कायदाही हेच मानतो: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असलेल्या चालकाला अपघात न होताही, पहिल्याच गुन्ह्यात, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.