शिंगाच्या मुठीची सुरी

सुरी म्हटली की पेपर वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी पोलीस चौकी येते. आम्ही आज ज्या सुरीविषयी लिहिणार आहोत ती भांडणाची नव्हे, कामाची सुरी आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात काही थोडे कारागीर आजही अशी सुरी हाताने घडवतात. रानात, डोंगरात जाणारा माणूस ती बरोबर नेतो, तिने दोर कापतो, चुलीसाठी काटक्या तासतो, पाव कापून खातो. तिची मूठ हरणाच्या शिंगाची असते. ज्याच्याजवळ अशी एक सुरी आहे त्याला तिचे कौतुक पोटच्या पोरासारखे असते. हे कौतुक कशाचे, आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब आज मांडावा असे आम्हाला वाटले. हिशेब मांडणे हा तर आमचा पोटापाण्याचाच धंदा आहे.

आधी जमेची बाजू पाहू. पोलादाचा तुकडा भट्टीत लाल करून ठोकतात आणि पात्याचा आकार देतात. मग पुन्हा तापवून तेलात किंवा पाण्यात विझवतात. आपले लोहार याला ‘पाणी देणे’ म्हणतात. पाणी दिलेले पाते कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताच्या आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. आच कमी-जास्त झाली तर धार एक तर वाकते नाही तर तुटते. त्यानंतर दगडावर घासणे, आणि शेवटी मूठ. पात्याचेच लोखंड मुठीच्या टोकापर्यंत नेतात, दोन्ही बाजूंनी शिंगाच्या फाका बसवतात आणि रिव्हेट ठोकून पक्क्या करतात.

शिंगच का? गाई-म्हशीचे शिंग आतून पोकळ असते आणि जन्मभर राहते. सांबराचे शिंग हे हाडच असते. ते नराला येते, गळून पडते आणि पुन्हा नवे फुटते. म्हणजे जनावर न मारताही ते रानात सापडते. वरून खडबडीत असल्यामुळे ओल्या हातातूनही ते निसटत नाही. शिवाय एका शिंगासारखे दुसरे शिंग नसते, म्हणून एका सुरीसारखी दुसरी सुरी नसते. कारखान्यातून हजारांनी निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या मुठीला हे सुख कुठून मिळणार?

आमच्या खातेवहीत प्रत्येक वस्तूला दरसाल घसारा लावावा लागतो. टेबल असो, पंखा असो, दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी धरायची. चांगल्या सुरीला हा नियम लागत नाही. धार गेली की दगडावर लावा, कामानंतर पुसा, तेलाचा हात फिरवा, आणि कातडी म्यानात वर्षानुवर्षे कोंडून ठेवू नका, कारण कातडे ओल धरते आणि पाते गंजते. एवढे केले तर बापाची सुरी मुलाच्या हातात जाते. आपल्या घरातली जुनी विळी आठवा. तिने किती पिढ्यांची भाजी चिरली असेल! नवी आणली तरी आई जुनीच मागते. हा आनंद आणि शेफिल्डच्या सुरीचा आनंद एकाच जातीचा आहे.

आता खर्चाची बाजू. शेफिल्डभोवती पाच नद्या आहेत. त्यांच्या पाण्यावर चाके फिरत आणि त्या चाकांवर दगड फिरत. १६२४ साली तिथल्या कारागिरांची कायदेशीर संस्था स्थापन झाली आणि प्रत्येकाची निशाणी तिच्याकडे नोंदली जाऊ लागली. एक खोली किंवा खोलीचा कोपरा भाड्याने घेऊन काम करणाऱ्या कारागिराला तिथे ‘लिट्ल मेस्टर’ म्हणत, म्हणजे छोटा मालक. नाव मालकाचे, पण हाल मजुराचे. पाते घासणारा माणूस दगडावर ओणवा होऊन दिवसभर काम करी आणि दगडाची व पोलादाची धूळ छातीत घेई. फ्रेडरिक एंगेल्सने १८४५ साली इंग्लंडच्या कामगारांवर पुस्तक लिहिले. त्यात तिथल्या डॉक्टरांच्या आधाराने त्याने नोंदवले आहे की, कोरड्या दगडावर काम करणाऱ्याचे आयुष्य सरासरी जेमतेम पस्तीस वर्षांचे आणि ओल्या दगडावरच्याचे क्वचितच पंचेचाळीसच्या पुढचे.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. धूळ ओढून घेण्याची युक्ती निघाली होती, पण खुद्द कामगारांनीच ती नको म्हटली, असे एंगेल्स सांगतो. धोका कमी झाला तर आणखी माणसे या धंद्यात शिरतील आणि मजुरी उतरेल, ही त्यांची भीती. भाकरीसाठी माणसाला स्वतःचे फुप्फुस गहाण टाकावे लागावे, यापेक्षा दैन्य ते काय? बंधू-भगिनींनो, ही गोष्ट फक्त इंग्लंडची समजू नका. मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे, खंभातला अकीकाचे मणी घासणारे, आणि ठिकठिकाणच्या खडी क्रशरवर राबणारे आपलेच भाऊ याच धुळीने खोकत खोकत गेले आहेत. डॉक्टर या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. पुष्कळांना तो क्षय म्हणूनच सांगितला जातो. क्षयाची औषधे सिलिकोसिस बरा करीत नाहीत. ज्यांच्या घरात कोणी अशा कामावर आहे त्यांनी धूळ बसवायला पाणी मारले जाते का, हे पाहावे, आणि खोकला हटत नसेल तर आपण काय काम करतो हे डॉक्टरला आधी सांगावे.

त्याच शेफिल्डची एक उमेद देणारी गोष्टही आहे. हॅरी ब्रिअर्ली हा पोलाद वितळवणाऱ्या मजुराचा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सुटली. प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याच्या कामाला लागला, रात्रीच्या वर्गात शिकला, आणि १९१३ साली त्याच माणसाने न गंजणारे पोलाद तयार केले. आज आपल्या घरातले स्टीलचे ताट, वाटी, पेला हे सारे त्याच वंशातले. बाटल्या धुणाऱ्या पोराला पुस्तक मिळाले तर काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

दुसरे नाव स्टॅन शॉ यांचे. चौदाव्या वर्षी कामाला लागलेला हा कारागीर २०२१ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारला. तो घडीचे चाकू करी आणि त्याच्या हातच्या एका चाकूसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे थांबे. पात्यावर त्याचे नाव असे. इथे आमच्या मनाला एक गोष्ट लागते. आपल्या गावच्या लोहाराने घडवलेल्या विळ्यावर, चांभाराच्या रापीने कापलेल्या जोड्यावर कोणाचे नाव होते? वस्तू सगळ्यांनी वापरली, पण करणाऱ्याचे नाव विसरून त्याची जात तेवढी लक्षात ठेवली.

शिंगाविषयी एक सावधगिरी सांगतो. शेफिल्डला एके काळी सांबराचे शिंग भारतातूनच जहाजाने जात असे. ती निर्यात आता बंद आहे. आपल्याकडे आजीबाई सांबरशिंग उगाळून छातीला लावत, त्यामुळे पुष्कळांना ते घरगुती औषधच वाटते. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबर-चितळाच्या शिंगाचा व्यापार हा गुन्हा आहे. ते गळून पडलेले होते, ही सबब चालत नाही. जत्रेत कोणी शिंगाच्या मुठीचा चाकू दाखवला तर हात लावू नका. इंग्लंडातही अशी सुरी सबळ कारणाशिवाय रस्त्यावर घेऊन फिरणे गुन्हाच आहे. तरण्या पोरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सुरीची शान कामात आहे, खिशात नाही.

हिशेब मिटवताना आमचे म्हणणे एवढेच. चांगल्या वस्तूचा आनंद घ्यायला संकोच कशाला? कष्टाच्या पैशातून एकच घ्या, पण पक्की घ्या आणि जपा. मात्र तिच्या मुठीवर बोटे मिटताना ती घडवणाऱ्या हातांची विचारपूस करा. त्याला मजुरी पुरती मिळाली का? त्याची छाती शाबूत आहे का? गावचा लोहार दारात आला तर विळ्याला धार लावून घ्या, घासाघीस करू नका, आणि त्याचे नाव विचारा. मुलांना ते नाव सांगा.