शेजारच्या मेजावरील माणूस

आमची पुतणी गेल्या महिन्यांत हिंजवडीच्या एका कंपनींत नोकरीस लागली. पहिल्याच आठवड्यांत वरिष्ठांनीं तिच्या हातीं एक कागद दिला. त्यावर प्रश्न छापलेले होते: आपल्या शेजारीं बसणाऱ्या सहकाऱ्याचें शिक्षण कोठें झालें, त्याचा स्वभाव कसा आहे, त्यानें आजवर कोणकोणतीं कामें केलीं, पुढें काय करण्याचा त्याचा मानस आहे. हीं उत्तरें त्याच्याशीं बोलून मिळवावयाचीं आणि मग चार माणसांसमोर त्याचा परिचय करून द्यावयाचा. रात्रीं पानावर बसल्यावर तिनें ही हकीकत सांगितली, तेव्हां घरांतील वडील मंडळी हंसली. वहिनी म्हणाल्या, "अग, माणसाची ओळख करून घ्यायला कधीं छापील कागद लागतो का?" आम्हीही हंसलों. मग पोरीनें सहज विचारलें, "काका, तुमच्या कचेरींत तुमच्या शेजारीं कोण बसत असे?"

आम्ही उत्तर देऊं लागलों आणि मध्येंच थांबलों. कारण याच प्रश्नानें एके काळीं आम्हांस चांगलेंच खजील केलें होतें. ती गोष्ट वाचकांस सांगावी असें त्या रात्रीं मनांत आलें.

१९८५ सालीं आम्ही एका मासिकाच्या कचेरींत उपसंपादक म्हणून रुजू झालों. आमच्या मेजाला लागून मुद्रितशोधकांचें मेज होतें. त्यांना सर्वजण अण्णा म्हणत. वय पन्नाशीला आलेलें, पांढरा सदरा, नाकावर जाड चष्मा आणि हातांत तांबड्या शाईची लेखणी. बोलणें मोजकें. एखाद्या श्लोकांतील विसर्ग गळला असला, तर मूळ ग्रंथ न उघडतां ते तो जागच्या जागीं भरीत. त्यावरून आम्हीं मनाशीं ठरवून टाकलें कीं, गृहस्थ एखाद्या शास्त्र्यांच्या घराण्यांतले असावेत. त्यांचें आडनांव अनेक ज्ञातींत आढळणारें होतें. आम्हीं त्यांतून आपल्या समजुतीला सोयीचा अर्थ घेतला. घरीं येऊन तसें सांगितलेंही. आमच्या मातुश्री म्हणत, "घरचे संस्कार, दुसरें काय!"

आपल्या समाजांत नवा माणूस भेटला कीं तीन प्रश्न ठरलेले असतात: आडनांव काय, गांव कोणतें, आणि थोडी ओळख वाढली कीं पगार किती. या तीन प्रश्नांनीं माणसाची ओळख होते असें आपण समजतों. वस्तुतः त्यांनीं माणूस एका खणांत टाकला जातो आणि ओळख तेथेंच संपते. अण्णांच्या बाबतींत तर आम्हीं तेवढेही प्रश्न विचारले नाहींत. खण आम्हींच निवडला आणि त्यांना आंत ठेवून दिलें. दोन वर्षें दुपारचा डबा आम्ही एकत्र खाल्ला, पण बोलणें सारें आमचेंच असे.

१९८७ च्या श्रावणांतील अंकांत एक भयंकर चूक झाली. एका वर्गणीदार कुटुंबानें आपल्या दिवंगत आजीबाईंच्या स्मरणार्थ देणगी पाठविली होती, ती घरांतील नव्या सुनेच्या हस्तें. छापतांना आजीबाईंच्या नांवामागें "कै." होतेंच, पण त्या सुनेच्या नांवामागेंही "सौ." च्या जागीं "कै." पडलें. अंक त्या घरीं पोंचला तो दिवस तिच्या मंगळागौरीचा. घरच्या वडील माणसांचें जें पत्र आलें, त्यांत रागापेक्षां दुःख अधिक होतें. संपादकसाहेबांनीं अण्णांना सर्वांसमक्ष विचारलें, "हें आपल्या नजरेंतून सुटलें कसें?" अण्णा इतकेंच म्हणाले, "सुटलें खरें." त्या वर्षाची त्यांची वेतनवाढ थांबविण्यांत आली. आणि आम्ही? आम्ही शिपायाशीं बोलतांना, अण्णांना ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणालों, "वय झालें कीं नजर जातेच." अण्णा दोन हातांवर बसले होते.

तीन आठवड्यांनीं दुसऱ्याच कांहीं कामासाठीं आम्हीं त्या अंकाचा गठ्ठा सोडला. अंक निघाल्यावर हस्तलिखित आणि त्यावरचीं मुद्रितें एकत्र बांधून ठेवण्याची आमच्याकडे चाल होती. देणगीदारांची यादी समोर आली. ती आमच्याच हस्ताक्षरांत होती, आणि घाईनें उतरतांना दोन्ही नांवांमागें "कै." लिहिणारे आम्हीच होतों. खालच्या मुद्रितावर समासांत पेन्सिलीनें, अण्णांच्या बारीक अक्षरांत लिहिलेलें होतें: "सूनबाई हयात असाव्यात. लेखकास विचारणें." आणि त्याखालीं शाईनें, आमच्या सहीसह: "मुळाबरहुकूम ठेवावें."

तो कागद घेऊन आम्ही संपादकांकडे गेलों. त्यांनीं आम्हांस लेखी ताकीद दिली आणि अण्णांची वेतनवाढ पुन्हां चालू केली. हें झालें, पण मन स्वस्थ होईना. रविवारीं सकाळीं कसबा पेठेंत अण्णांचें बिऱ्हाड शोधीत गेलों. जुन्या वाड्याच्या माडीवर दोन खोल्या होत्या. वहिनींनीं चहा ठेवला. आम्हीं क्षमा मागितली. अण्णा म्हणाले, "अहो, तें मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें. गठ्ठ्यांतून कागद काढायला मला पांच मिनिटेंही लागलीं नसतीं."

"मग बोललां कां नाहीं?"

"तुम्हांला अजून कायम केलेलें नाहीं. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकट्या भावाच्या इंजिनियरिंगचीं दोन वर्षें राहिलेलीं. मला मुद्रितशोधक होऊन तेवीस वर्षें झालीं. मला कोण काढतो?" मग थोडें थांबून म्हणाले, "पण चूक माझीही आहे. मी पेन्सिलीनें विचारलें. तोंडानें विचारायला हवें होतें. शेजारीं तर बसतां."

आमच्या घरची एवढी माहिती त्यांना कोठून मिळाली, हा विचार मनांत आला आणि त्याचें उत्तरही लगेच मिळालें. डब्याच्या वेळीं दोन वर्षें आम्ही आमचें रडगाणें गात आलों होतों. त्यांनीं तें ऐकून ध्यानांत ठेवलें होतें. त्यांच्याविषयीं मात्र आम्हांस अक्षरही ठाऊक नव्हतें. तेव्हां प्रथमच आम्हीं विचारलें, "अण्णा, आपण हें काम शिकलांत कोठें?"

त्यांनीं जें सांगितलें तें असें. अण्णांचे वडील वाईस शिंपीकाम करीत. १९४९ सालीं ते वारले, तेव्हां अण्णा तेरा वर्षांचे होते. मामांनीं त्यांना पुण्यास आणून एका छापखान्यांत लाविलें. पहिलें काम म्हणजे छापून झालेल्या मजकुराचे खिळे सोडवून पुन्हां ज्याच्या त्याच्या खणांत टाकणें. इंग्रजीचें बरें, तेथें अक्षरें थोडीं. देवनागरीचे जोडाक्षरांसह कित्येक शें निरनिराळे खिळे. आणि प्रत्येकावरचें अक्षर आरशांतल्याप्रमाणें उलटें. "ष" चा खिळा "प" च्या खणांत पडला, तर जुळणाऱ्याला शिव्या बसत आणि मुलाला कानशिलांत. चार वर्षांनीं ते स्वतः जुळणी करूं लागले. त्यांच्या वांट्यास सटीक गीता आली. त्यांतील एका शब्दाचाही अर्थ त्यांना लागत नव्हता; केवळ आकार पाहून ते ओळी जुळवीत.

त्या ग्रंथाचीं मुद्रितें तपासण्यास एक वृद्ध शास्त्रीबुवा येत. एके दिवशीं अण्णांनीं धीर करून विचारलें, "येथें विसर्ग आहे आणि खालच्या ओळींत तोच शब्द ओकारान्त आहे, चूक कोणती?" शास्त्रीबुवांनीं मुलाकडे निरखून पाहिलें आणि तेथेंच, खिळ्यांच्या पेटीपाशीं उभे राहून, विसर्गसंधीचा नियम सांगितला. पुढें रोज एक नियम सांगावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं ऐकावयाचा, असा क्रम पडला. तो सात वर्षें चालला. "त्यांनीं माझें आडनांव कधीं विचारलें नाहीं," अण्णा म्हणाले, "एवढेंच विचारीत कीं, कालचें पाठ झालें का?"

आमच्या मानेवर खडा ठेवल्यासारखें झालें. ज्या विद्येला आम्हीं जन्माचा वारसा समजलों, ती या मनुष्यानें शिशाच्या खिळ्यांतून वेंचून घेतली होती.

आश्चर्य वाटण्याचें तसें कारण नव्हतें. निर्णयसागराचे संस्कृत ग्रंथ आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं अजून कपाटांत असतील. त्या छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी (१८३९-१८९२) हे शास्त्री नव्हते. गरिबीमुळें लहानपणींच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत कामास लागले, तेथें टाइप पाडण्याची कला शिकले, १८६४ मध्यें त्यांनीं स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्यें मुंबईस निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरांचे सुबक ठसे घडविणारे राणोजी रावजी आरू हे त्यांचे मित्र आणि सहकारी. पंडितांनीं पाठ शोधले, कारागिरांनीं अक्षर घडविलें. दोघे एका छपराखालीं बसले म्हणून तीं पुस्तकें झालीं. आपण कपाटांतील ग्रंथावर संपादकाचें नांव तेवढें वाचतों.

अण्णांची पुढील कहाणीही ऐकण्याजोगी आहे. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनानें मान्य केले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि इतकीं वर्षें बोटांत बसलेली संवय एकाएकीं चूक ठरली. छापखान्यांतील जुनी मंडळी चरफडली. अण्णांनीं नियम पाठ केले. त्यामुळेंच १९६४ मध्यें त्यांना मुद्रितशोधकाची जागा मिळाली. १९७२ मध्यें आणखी चार नियम आले, तेही त्यांनीं आत्मसात केले. आम्ही हें सदर वडिलांच्या वळणानें अनुस्वार देऊन लिहितों, म्हणून आम्हीं एकदां त्यांना विचारलें कीं, आमचे अनुस्वार आपण कां पुसत नाहीं? ते म्हणाले, "दिले तर सगळे द्या, नाहींतर एकही देऊं नका. अर्धे देणाऱ्याचे मी पुसतों."

१९९१ मध्यें कचेरींत संगणक आला. खिळे वजनावर विकले गेले, तेव्हां अण्णा त्या गाडीपाशीं थोडा वेळ उभे होते. दुसऱ्या दिवशीं पंचावन्न वर्षांचा हा मनुष्य संगणक चालविणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीशेजारीं खुर्ची घेऊन बसला. महिन्याभरानें आम्हांस म्हणाले, "खिळ्यांच्या चुका अक्षराच्या असत. या यंत्राच्या चुका परिच्छेदाच्या असतात; अक्षर शुद्ध आणि परिच्छेदच्या परिच्छेद दोनदां. आतां डोळ्यांनीं नव्हे, अर्थानें वाचलें पाहिजे." १९९६ मध्यें ते निवृत्त झाले. २०११ सालीं वारले, तोंवर आमच्या घरचें कोणतेंही कार्य त्यांच्यावांचून झालें नाहीं.

त्या रविवारीं घरीं परतल्यावर आम्हीं मातुश्रींना सर्व सांगितलें. त्या कांहीं वेळ निवडीत असलेल्या तांदुळांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ते संस्कृत शिकले कसे?" आमच्या घरांत नव्या माणसाविषयीं हा प्रश्न तेव्हां प्रथम विचारला गेला.

असो. सहकाऱ्याची ओळख म्हणजे त्याच्या घरांत डोकावणें नव्हे. कांहीं माणसांना दुःख उघडें करणें आवडत नाहीं, आणि तो त्यांचा अधिकार आहे. परंतु "हें काम आपण कोणाकडून शिकलांत?" हा प्रश्न कोणालाही विचारतां येतो, त्यांत औद्धत्य नाहीं, आणि उत्तर देणाराचा मान वाढतो. त्याच्या उत्तरांत गुरु येतो, गरिबी येते, चुका येतात आणि स्वभाव तर येतोच. आपल्या एकत्र कुटुंबांत सायंकाळीं पांच-सहा माणसें पांच-सहा ठिकाणांहून काम करून येतात. वरिष्ठानें काय म्हटलें, पगार कधीं वाढणार, हें आपण पानावर बसून बोलतों. शेजारच्या मेजावर कोण बसतें, हेंही अधूनमधून विचारावें.

पुतणीला आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, कागदावरचे प्रश्न असूं देत, पण त्यांच्या आधीं हा एक विचार. दुसऱ्या दिवशीं ती घरीं आली ती बोलतच. शेजारचा मुलगा लातूरकडचा. वडिलांच्या दुकानांत मोडके रेडिओ खोलतां खोलतां तो यंत्रविद्या शिकला, हें सांगतां सांगतां तिची आमटी निवून गेली. वहिनींनीं ती पुन्हां गरम करून आणली आणि म्हणाल्या, "मग? पुढें काय झालें?"