प्लॅनच्या आधी झाडं मोजा

शिक्रापूर ते न्हावरे या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात ज्यांनी दोन-पाच गुंठे घेतले आहेत आणि आता बंगल्याचा प्लॅन काढायला बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. घरकुलाचे हप्ते मोजत चार भिंती उभ्या करणाऱ्यांनीही वाचावं, कारण ऊन दोघांनाही सारखंच लागतं.

हल्ली इंजिनिअरकडे जाताना प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एकाच जातीचे फोटो असतात. दाट जंगल, मधोमध काचेच्या भिंतींचं घर, लाकडी ओटा, शेजारी निळं पाणी. कुठे बालीचं, कुठे केरळचं, कुठे श्रीलंकेचं. झाडांत राहावंसं वाटणं ही चांगलीच इच्छा आहे. पण फोटो दाखवून झाला की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. बांधावरचा कडुनिंब, कोपऱ्यातली बोर, एखादी जुनी बाभूळ असं सगळं उपटून प्लॉट ‘साफ’ होतो. घर पुरं झालं की त्याच जागी नर्सरीतून कुंडीतले पाम येतात. तीस वर्षांची सावली तोडायची आणि पैसे मोजून शोभा आणायची, हे थांबवा. आधी जागेवर काय उभं आहे ते बघा, मोजा, कागदावर काढा, आणि मगच खोल्या आखा. झाड काढणं खरंच अटळ असेल, तर तोडण्याआधी परवानगीचं ग्रामपंचायतीत आणि वनखात्यात विचारून घ्या.

आपण जंगलात राहत नाही. वेळ नदीच्या काठचं हे गाव पर्जन्यछायेतलं आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो आणि आपल्यापर्यंत येईतो साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर उरतो. म्हणून फोटोतलं रूप इथे आणता येणार नाही, पण त्यामागचा विचार जरूर आणता येईल. श्रीलंकेतलं कंडालामा हॉटेल या प्रकारच्या वास्तूंमध्ये फार नावाजलेलं. जेफ्री बावा यांनी ते बांधलं, १९९४ साली ते सुरू झालं. आज ते वेलींखाली जवळजवळ झाकून गेलं आहे. ते आहे कुठे, तर दांबुल्लाजवळ, श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात, एका जुन्या तलावाच्या काठी. बावांनी डोंगर कापून सपाट केला नाही. इमारत कड्याच्या कडेकडेने लांबवली आणि खांबांवर उचलली, म्हणजे डोंगरावरचं पाणी खालून तलावात जावं. जागा जशी होती तशी मान्य केली. आपल्या दोन गुंठ्यांवर एवढंच शिकायचं आहे.

आपली जागा म्हणजे प्रामुख्याने ऊन. मेच्या मध्याला सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशी पडते. त्या दिवसांत घर तापवतात दोन गोष्टी, वरचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री झोपायच्या वेळी ते खोलीत सोडतो. आपल्या आजोबा-पणजोबांची धाब्याची घरं का गार असायची? दीड-दोन फुटी दगडमातीच्या भिंती आणि लाकडी सऱ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. आज तेवढं लाकूड परवडणार नाही आणि दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती घालायला घरात माणसं नाहीत. ते घर परत आणा असं मी म्हणत नाही. पण स्लॅबवर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरसबंदी करा. तेही जमत नसेल तर उन्हाळ्याच्या तोंडाला चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो. याला फार खर्च येत नाही.

पश्चिमेला काच लावू नका. ही विनंती मी हात जोडून करतो. दुपारी तीननंतरचं ऊन तिरपं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही, आणि काचेतून आत शिरलेली उष्णता काचेतून सहज बाहेर जात नाही. मग एसी, मग पडदे, मग दिवसा दिवे. त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली घ्या, किंवा खोल पडवी काढा. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ती बाजू अगदी बंदही करू नका. सिमेंटची किंवा विटांची जाळी ठेवा, वारा येईल आणि ऊन अडेल. मोठ्या खिडक्या दक्षिणेला घ्या. चार फुटांच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर मार्चअखेरीपासून भर दुपारचं ऊन आत येत नाही, आणि डिसेंबरात सूर्य खाली झुकतो तेव्हा अर्ध्या खिडकीतून हवंहवंसं ऊन आत येतं. हे इंजिनिअरला पटत नसेल तर कागदावर कोन काढायला सांगा.

भिंतीचंही तसंच. लॉरी बेकर यांनी केरळात विटा आडव्या न निजवता उभ्या लावून, मध्ये पोकळी सोडून भिंती बांधल्या. सुमारे पाव विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. फक्त गवंड्याला एकदा हात बसवून घ्यावा लागतो.

आता झाडांबद्दल, कारण इथे घाईने नुकसान होतं. नदीकाठची जमीन काळी आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून पाया काळी माती पार करून मुरमापर्यंत न्या. भिंतीला खेटून मोठं झाड असलं तर ते मुळांनी ओल ओढतं, माती आणखी आकसते आणि भिंतीला तडे जातात. वड, पिंपळ, उंबर घरापासून निदान तीस फूट तरी दूर हवेत. कडुनिंब पंधरा-वीस फुटांवर चालतो. जुनं झाड प्लॉटच्या मधोमध असेल तर प्लॅन सरकवा. त्याच्या फांद्यांच्या घेराखाली खोल खणू नका आणि बुंध्याभोवती काँक्रीट ओतू नका. प्लॉट लहान असेल तर बहावा, आपटा, शेवगा, कढीपत्ता लावा. नाहीतर शेजाऱ्याशी बोलून हद्दीवर दोघांत एक कडुनिंब ठेवा. गुलमोहर दिसतो सुंदर, पण त्याच्या फांद्या वादळात ठिसूळपणे मोडतात, तो छपराजवळ नको. आपल्याच तालुक्यातली मोराची चिंचोली बघून या. चिंचा राखल्या म्हणून तिथे मोर राहिले.

अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवू नका. ते तापतात आणि पाणी जिरू देत नाहीत. गाडीपुरते बसवा, बाकी मुरूम राहू द्या. हजार चौरस फुटांच्या छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी शेहेचाळीस हजार लिटर पाणी होतं. ते गटारात सोडायचं आणि मेमध्ये टँकरची वाट बघायची, हा हिशोब आपला आपण करावा. पहिला पाऊस वाहू द्या, पुढचा गाळून टाकीत किंवा बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात घ्या.

मळ्यात घर बांधणाऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगतो. शिरूर तालुक्यात रान म्हणजे ऊस, आणि उसात बिबट्या आहे. माणसं गेली आहेत. त्यामुळे सगळ्या बाजूंनी उघडं, आतबाहेर एक झालेलं घर मळ्यात काढू नका. पडवीला भक्कम जाळीचं दार हवं, संडास घराच्या आतून जाता येईल असा हवा, गोठा वरूनही बंद हवा. घर आणि उसाचा फड यांत मोकळी पट्टी ठेवा आणि तिथे दिवा लावा. खरकटं, मेलेली कोंबडी उघड्यावर टाकू नका, त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. दिसला तर पाठलाग न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

यंदा बांधकाम काढणार असाल तर पाया खणायच्या आधीच, जूनच्या पहिल्या ओलीला, पश्चिमेच्या हद्दीवर हातभर खड्डे घेऊन कडुनिंब आणि करंज लावून टाका. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण करा, म्हणजे शेळ्या आणि वाळूचे ट्रक दोन्ही लांब राहतील. बांधकामासाठी पाणी आणणारच आहात, त्यातली रोज दोन घमेली त्यांना घालायला वॉचमनला सांगून ठेवा. वास्तुशांतीपर्यंत ती छातीइतकी वाढलेली असतील.