परदेशी कारखानदार जागा कशी पाहतो?



लागणीच्या नोंदी घेताना अलीकडे एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "साहेब, पाटाखालच्या पट्ट्यात झोन होणार म्हणतात, परदेशी कंपन्या येणार म्हणतात. मग आडसाली लावू का नको?" कोणी तरी नकाशा दाखवून जातो आणि शेतकऱ्याचे चित्त पिकावरून उडते. विशेष आर्थिक क्षेत्र, ज्याला आपण सेझ म्हणतो, त्याची जागा मुळात कशी ठरते हे समजून घेतले तर ही धास्ती बरीच कमी होईल. मी शेतकीचा पदविकाधारक, अर्थशास्त्राचा नव्हे. पण कोणत्या जमिनीत काय येते हे पाहणे माझे रोजचेच काम आहे.

ऊस तोडल्यावर दिवस जाईल तसा उतारा पडतो. म्हणून साखर कारखाना उसाजवळच लागतो. परदेशी कारखानदाराचा कच्चा माल पुष्कळदा जहाजातून येतो आणि पक्का माल पुन्हा जहाजातूनच जातो. त्याचा 'उतारा' बंदरापासूनच्या अंतरावर आहे. आपल्या देशातले पहिले निर्यात क्षेत्र 1965 साली कांडला बंदराशी झाले. 1973 साली मुंबईत सांताक्रूझचे झाले ते इलेक्ट्रॉनिक मालासाठी. पुढे तेथे हिरे-दागिन्यांचेही काम आले. वजनाला हलका आणि मोलाला भारी असा माल विमानाने जातो, म्हणून ते विमानतळाजवळ.

चीनने 1980 साली चार जागा निवडल्या, त्या पाहण्यासारख्या आहेत. शेन्झेन हाँगकाँगला लागून. झुहाई मकावला लागून. शियामेन तैवानच्या समोर. शांतौच्या भागातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आग्नेय आशियात व्यापाराला गेलेली. म्हणजे ज्यांच्याकडे भांडवल होते अशा आपल्याच भाषेच्या, नात्यागोत्याच्या माणसांच्या दाराशी त्यांनी मांडव घातला. प्राप्तिकरही कमी ठेवला, 15 टक्के. पण नुसत्या करसवलतीने शेन्झेन उभे राहिले असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. चोपण जमिनीत निचरा न काढता खताची पोती ओतली म्हणून एकरी टन वाढत नाहीत, तसेच हे आहे.

आपल्याकडे 2005 च्या कायद्याने निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण आणि पुढची पाच वर्षे निम्मी करमाफी दिली. मग जो तो सेझ काढायला निघाला. बंदर नाही, वीज नाही, रस्ता नाही, पण फलक लागला! महालेखापरीक्षकांच्या 2014 च्या अहवालात आकडा आहे. अधिसूचित सुमारे 45 हजार 600 हेक्टरपैकी काम सुरू झाले होते सुमारे 28 हजार 500 हेक्टरवर. बाकीच्या जमिनीत ना ऊस, ना कारखाना. 2020 नंतर मंजूर होणाऱ्या नव्या घटकांना ती करमाफीही राहिलेली नाही. तेव्हा आता जो परदेशी उद्योग येईल तो जागेचे गुण पाहूनच येईल.

पण जागेचे गुण फक्त कारखानदाराच्या बाजूने मोजायचे काय? माझा खरा मुद्दा येथे आहे. रायगड जिल्ह्यात पेणकडची जागा बंदराच्या हिशेबाने नामी होती. मात्र ती हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. सप्टेंबर 2008 मध्ये तेथील 22 गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले. बहुसंख्यांनी नकार दिला आणि पुढे ते संपादन बारगळले. मला ते योग्य वाटते. सरकारने पैसा खर्चून धरण बांधायचे, पाट काढायचे आणि पाणी शिवारात आल्यावर तीच जमीन कुंपणात घालायची, हा कोणता हिशेब? उलट जवाहरलाल नेहरू बंदराने स्वतःच्याच जमिनीवर सुमारे 277 हेक्टरचे क्षेत्र काढले. अशा जागेला कोणा शेतकऱ्याने विरोध करावा असे मी म्हणणार नाही. आपल्याही मुलांना नोकऱ्या हव्याच आहेत. माळ, खडकाळ गायरानाकडची पडीक जमीन, हमरस्त्याकाठची जागा दाखवा, मी स्वतः मोजणीला येईन.

आणि जमीन द्यायचीच झाली तर कशी द्यायची? खेड तालुक्यात 15 टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याची बोली होती. कल्पना चांगली. परंतु त्या 15 टक्क्यांसाठी लोकांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले. तेव्हा परतीची जमीन कोणत्या गटात, किती मुदतीत आणि कोणाच्या खर्चाने, हे आधी कागदावर यावे.

2013 च्या भूसंपादन कायद्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, आणि बागायती बहुपीक जमिनीला शेवटी हात लावावा असे म्हटले आहे. मात्र एमआयडीसीच्या 1961 च्या कायद्याने संपादन निघाले तर वाट निराळी असते. म्हणून नोटीस आली तर ती कोणत्या कायद्याखाली आहे हे आधी वाचून घ्यावे, आणि हरकतीची मुदत जाऊ देऊ नये. नुसता नकाशा दाखवणाऱ्याला मात्र तीन प्रश्न करावेत. बंदर किती किलोमीटर? पाणी कोणत्या धरणातून उचलणार? आणि अधिसूचना कोणत्या तारखेची? उत्तर मिळेपर्यंत आडसालीची नोंद नेहमीप्रमाणे गट कार्यालयात करावी. बेणे तयार आहे.

— ऊस विकास अधिकारी