विश्लेषण : तीन मिनिटांचा भयपट चालला, तर त्याचा मालक कोण?

मोबाइलवर चित्रित केलेले आणि मित्रांच्या मदतीने पूर्ण झालेले भय-लघुपट यूट्यूबवर सतत येत असतात. त्यातल्या मोजक्यांमुळे दिग्दर्शकांना मोठ्या स्टुडिओचे दार उघडले. पैसे नसताना भीती कशी उभी राहते? आणि लघुपट गाजला तर दिग्दर्शकाच्या हाती नेमके काय उरते?

‘लाइट्स आऊट’चे उदाहरण काय सांगते?

स्वीडनचा दिग्दर्शक डेव्हिड सँडबर्ग याने २०१३ मध्ये एका ऑनलाइन लघुपट स्पर्धेसाठी ‘लाइट्स आऊट’ केला. लांबी तीन मिनिटांपेक्षा कमी. चित्रीकरण स्वतःच्या फ्लॅटमध्ये, तर प्रमुख भूमिकेत पत्नी लोटा लोस्टेन. दिवा बंद केला की एक आकृती दिसते, दिवा लावला की नाहीशी होते, एवढीच कल्पना. लघुपट इंटरनेटवर पसरला आणि २०१६ मध्ये त्याच नावाचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. निर्मात्यांमध्ये ‘सॉ’ आणि ‘द कॉन्ज्युरिंग’चा दिग्दर्शक जेम्स वान होता. सुमारे ५० लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात १४ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. दिग्दर्शन सँडबर्गनेच केले.

हा मार्ग भयपटालाच का सापडतो?

भयपटाला मोठा नट लागतोच असे नाही. अनोळखी चेहरा असेल तर हे पात्र शेवटपर्यंत वाचणारच, अशी खात्री प्रेक्षकाला राहत नाही. संवाद कमी असल्याने भाषेची अडचण येत नाही. शिवाय कथा एका साध्या नियमावर उभी असते आणि तो नियम एका वाक्यात सांगता येतो. अँडी मुशिएटीच्या ‘मामा’ या काही मिनिटांच्या लघुपटाचा (२००८) २०१३ मध्ये पूर्ण चित्रपट झाला. करी बार्करने ८०० डॉलरमध्ये केलेला तासाभराचा ‘मिल्क अँड सीरियल’ २०२४ मध्ये यूट्यूबवर मोफत टाकला. त्याच्या पुढच्या ‘ऑब्सेशन’चे हक्क २०२५ च्या टोरांटो महोत्सवानंतर ‘फोकस फीचर्स’ने घेतले. मराठीत विशाल फुरिया याने उसाच्या शेतात घडणारा ‘लपाछपी’ (२०१७) केला. त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ (२०२१) त्यानेच दिग्दर्शित केला.

कमी पैशांत भीती कशी तयार होते?

पहिली अडचण अंधाराचीच. मोबाइलच्या छोट्या सेन्सरला कमी प्रकाशात तपशील टिपता येत नाही आणि चित्रावर दाणे दिसू लागतात. अपलोड करताना व्हिडीओ कॉम्प्रेस होतो, तेव्हा काळ्या रंगाच्या बारीक छटा जातात आणि अंधाराच्या जागी चौकटी दिसतात. त्यामुळे दृश्य पुरेशा प्रकाशात चित्रित करून संकलनात गडद केले जाते. अंधार दाखवायलाही दिवे लागतात, ते इतकेच की ते घरातले चालतात.

आकृती गायब करण्यासाठी महागडे ग्राफिक्स लागत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर न हलवता एकच शॉट आकृतीसह आणि आकृतीशिवाय घेतला, की उरलेले काम संकलनात होते.

खरी काटकसर आवाजात अंगाशी येते. चित्र थोडे खडबडीत असले तर प्रेक्षक चालवून घेतो, पण खरखरणारा आवाज त्याला लगेच बाहेर काढतो. त्यात मोबाइलवर पाहणाऱ्याच्या कानात बहुधा इअरफोन असतात. म्हणून प्रत्येक जागेची ‘शांतता’ मिनिटभर वेगळी रेकॉर्ड करतात, पावलांचे आणि दाराचे आवाज नंतर जोडतात.

मग अडचण कुठे येते?

स्वस्त लघुपटात नट, सेट, ग्राफिक्स यांपैकी काहीच विकत घेण्याजोगे नसते. विकली जाते ती कल्पना, आणि कायद्याचे संरक्षण सर्वांत कमी आहे ते तिलाच. ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले, की कल्पना, विषय किंवा कथानकावर कॉपीराइट नसतो. तो मांडणीवर असतो. म्हणजे ‘दिवा बंद केला की दिसते’ हा नियम दुसऱ्याने वेगळ्या पद्धतीने वापरला, तर त्याला रोखणे कठीण.

भारतात चित्रपटाचा मालक कोण?

अनेक नवोदित दिग्दर्शकांना धक्का बसेल असे उत्तर कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये आहे. या कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. निर्माता म्हणजे चित्रपट करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. पटकथेचा हक्क मूळात लेखकाचा असतो. मित्राने कॅमेऱ्याचे भाडे भरले, जागा मिळवली, सगळे जुळवून आणले, तर ‘निर्माता मीच’ असा दावा तो उद्या करू शकतो. लघुपटाला शंभर व्ह्यूज असतील तोवर हा प्रश्न कुणी विचारत नाही. मोठ्या कंपनीचा ईमेल आला, की पहिला प्रश्न हाच असतो.

गाजलेल्या भयकथेवर लघुपट करता येतो का?

परवानगीशिवाय नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइट कायम असतो. नारायण धारप यांचे निधन २००८ मध्ये झाले, म्हणजे त्यांच्या कथांवर २०६८ अखेरपर्यंत वारसांचा हक्क राहील. रत्नाकर मतकरी यांच्या कथांसाठी ही मुदत २०८० अखेर आहे. ‘आम्ही पैसे कमावत नाही’ किंवा ‘फक्त यूट्यूबवर टाकणार आहोत’ या सबबींनी परवानगीची गरज टळत नाही.

चित्रीकरणाआधी काय करावे?

निर्माता कोण, हे एका पानावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. पूर्ण लांबीचा चित्रपट किंवा मालिका झाली, तर हक्क कुणाचे आणि वाटा किती, हेही त्यात असावे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच ग्राह्य धरले जाते. करारात मुदत नसेल तर कायदा ती ५ वर्षे मानतो, प्रदेश नसेल तर भारतापुरताच. कल्पना राखता येत नसली तरी तपशीलवार पटकथा राखता येते. मुंबईतील ‘स्क्रीनरायटर्स असोसिएशन’कडे सदस्यांना पटकथेची नोंदणी करता येते. वाद झाल्यास ती तारखेचा पुरावा म्हणून उपयोगी पडते.

फुकट काम करणाऱ्या मित्रांसाठीही हा कागद महत्त्वाचा आहे. त्यांच्या रात्रींचा हिशेब बजेटमध्ये कुठेच दिसत नाही. ‘शून्य खर्चात केलेला लघुपट’ असे म्हटले जाते, तेव्हा तो खर्च त्यांनी उचललेला असतो.