विश्लेषण : रायगडच्या किनाऱ्यावर चालणे सोपे की अवघड? परिसराचा हालचालीवरील परिणाम कसा मोजतात?

रेवस-रेड्डी सागरी महामार्गामुळे रायगडच्या किनारी गावांचा प्रवास बदलणार आहे. अंतर किती मिनिटांनी कमी होईल, याची चर्चा होते. पण या गावांतील लोकांचे चालणे, सायकल चालवणे त्यामुळे वाढेल की घटेल, हा प्रश्न मागे राहतो. त्याचे उत्तर मोजून मिळू शकते. मात्र त्यासाठी पूल आणि रस्ते होण्याआधीची नोंद हाती असावी लागते.

हालचाल मोजण्याची गरज काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करायला हवी. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती. भारतात हे प्रमाण ५० टक्क्यांच्या जवळ आहे. महिलांमध्ये ५७, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के. एवढ्या मोठ्या संख्येचे कारण केवळ आळस असू शकत नाही. रस्त्याकडेला पाय ठेवायला जागा आहे का, सावली आहे का, अंधार पडल्यावर दिवे लागतात का, यावरही माणसाचे चालणे ठरते.

मोजमाप कसे होते?

त्याचे दोन भाग असतात. पहिला माणसाचा. जागतिक आरोग्य संघटनेची ‘जीपॅक’ ही १६ प्रश्नांची प्रश्नावली काम, प्रवास आणि फावला वेळ यांतील हालचाल वेगवेगळी विचारते. शिवाय कमरेला ‘अ‍ॅक्सेलरोमीटर’ हे छोटे यंत्र साधारण आठवडाभर बांधून हालचालीची मिनिटे नोंदवली जातात.

दुसरा भाग परिसराचा. दुकान, शाळा, एसटीचा थांबा किती अंतरावर आहे, रस्ता ओलांडणे सुरक्षित वाटते का, हे रहिवाशांना विचारले जाते. त्यासाठीची ‘न्यूज’ ही प्रश्नावली अमेरिकेत तयार झाली. दीप्ती अडलखा आणि सहकाऱ्यांनी तिचे भारतीय रूप चेन्नईत तपासून पाहिले. नकाशे आणि प्रत्यक्ष पाहणीची जोड दिली, की दोन्ही भाग एकत्र ताडून पाहता येतात.

जगाचा अनुभव काय सांगतो?

दहा देशांतील १४ शहरांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. घरांची घनता, रस्त्यांचे चौक, सार्वजनिक वाहतूक आणि उद्याने या चार गोष्टींचा हालचालीशी संबंध दिसला. चालण्यास सर्वाधिक अनुकूल आणि सर्वात प्रतिकूल वस्त्यांमधील फरक आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटांचा होता. म्हणजे १५० मिनिटांच्या किमान मर्यादेचा निम्मा हिस्सा केवळ परिसराशी जोडलेला होता.

हे निकष रायगडला लागू पडतील?

जसेच्या तसे नाही. कोळीवाड्यात घरे दाट असतात, पण उद्यान नसते. त्याची जागा पुळण घेते, आणि तिथला वावर भरती-ओहोटीवर ठरतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, भरतीला नाही. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद असते. त्यामुळे जूनमधील आठवडा आणि नोव्हेंबरमधील आठवडा वेगळेच आकडे देतील. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी गावचा रस्ता भरतो, तेव्हा तोच रस्ता चालणाऱ्यासाठी वेगळा होतो. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. सावली हा निकष धरला, तर वादळाने चालण्याची वाटही बदलली.

यंत्रालाही मर्यादा आहेत. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालणारी महिला आणि रिकाम्या हाताने चालणारी महिला यांतील फरक ते पुरेसा टिपत नाही. मोबाइलवर दिसणाऱ्या पावलांचेही तसेच. शेतात किंवा होडीवर काम करताना मोबाइल बाजूला ठेवलेला असतो.

जास्त चालणे म्हणजे चांगला परिसर?

नेहमीच नाही, आणि इथेच निष्कर्ष फसू शकतो. पदपथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने, भरधाव गाड्यांना चुकवत रोज शाळेत जाणारा मुलगा नोंदीत ‘सक्रिय’ ठरतो. तो चालतो, कारण दुसरा पर्याय नाही. घरात दुचाकी आली की हे चालणे थांबते. म्हणून मिनिटांबरोबर ती मजबुरीची आहेत की सोयीची, हेही विचारावे लागते.

नव्या पुलांचा संबंध काय?

रेवस-करंजा, रेवदंडा-साळाव आणि आगरदांडा-दिघी हे या महामार्गावरील महत्त्वाचे पूल आहेत. रेवस-करंजा दरम्यान आज लाँचने जाणारा प्रवासी निदान जेट्टीपर्यंत आणि पुढे थांब्यापर्यंत चालतो. पूल झाल्यावर तो दारातून दारात वाहनाने जाईल. रुग्णालय आणि महाविद्यालय जवळ येणे ही सोय मोठी आहे, पण पुलावर पायी किंवा सायकलने जाता येणार का, हे आराखड्यातच ठरते. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू उरण तालुक्यात उतरतो, मात्र त्यावर दुचाकी आणि रिक्षांनाही मनाई आहे.

नियम काय सांगतात?

‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो, असे स्पष्ट केले. पण त्याची अंमलबजावणी तपासायलाही नोंद लागते. किनाऱ्यावरील काही गावांत पावसाळ्यात आणि हिवाळ्यात एकेकदा मोजणी करून ठेवली, तरच महामार्गानंतर त्याच गावांत पुन्हा मोजून काय कमावले आणि काय गमावले हे सांगता येईल. रस्ता झाल्यावर आधीची स्थिती मोजता येत नाही.