चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

या पानावर कविता नाही, ललितही नाही. सर्व्हरबद्दल लिहितेय. तरी पान उलटू नका, कारण विषय आपल्याच अंकाचा आहे.

आपलं ई-मासिक ज्या यंत्रावर राहतं, त्याच्या पोटात साध्या मजकुराची एक फाइल असते. सर्व्हरनं कसं वागायचं ते तिच्यात ओळीओळीनं लिहिलेलं असतं: एका वेळी किती वाचकांना आत घ्यायचं, एकासाठी किती थांबायचं, पानं आकार कमी करून पाठवायची की तशीच, कुणाला दार उघडायचं. सध्या ही फाइल मी सांभाळते. तिच्याबद्दल काही बोललं की मंडळातून दोनच सल्ले येतात. एरवी, "अगं, चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" आणि नवा अंक आला, साइट मंदावली की, "मोठा सर्व्हर घेऊन टाकू, वर्गणी काढू."

मला दोन्ही सल्ले पटत नाहीत. आधी फाइल वाचावी, कामाच्या नसलेल्या ओळी काढाव्यात, उरलेले आकडे आपल्या यंत्राच्या ऐपतीप्रमाणे बसवावेत. वर्गणीचं त्यानंतर बोलू.

मंडळातली मुलं तीन वर्षांनी बाहेर पडतात, फाइल मात्र मागेच राहते. नव्यानं आलेला कुठूनतरी एक उपाय शोधतो आणि खाली दोन ओळी जोडतो. वरच्या ओळी कुणी आणि का लिहिल्या ते त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो त्यांना हात लावत नाही. अशी फाइल फक्त वाढत जाते.

आपल्याकडे अपाचे नावाचा सर्व्हर आहे. त्याची २.४ ही आवृत्ती २०१२ सालच्या फेब्रुवारीत आली, तेव्हा बऱ्याच गोष्टी बदलल्या. एका पत्त्यावर अनेक साइट ठेवण्यासाठी पूर्वी 'नेम-व्हर्च्युअल-होस्ट' ही ओळ लागायची. आता ती लिहिली तर एक इशारा येतो, बाकी काहीच होत नाही. ही मेलेली ओळ. तिचा त्रास एवढाच की नवा माणूस ती वाचून अर्धा तास डोकं खाजवतो.

दुसरी जात जास्त वाईट, अर्धमेल्या ओळींची. कुणाला आत सोडायचं हे सांगायला पूर्वी 'ऑर्डर', 'अलाउ', 'डिनाय' असे शब्द होते, २.४मध्ये त्यांच्या जागी 'रिक्वायर' आलं. जुने शब्द एका जोड-मॉड्यूलमुळे अजून चालतात. जुनं आणि नवं एकाच फाइलीत ठेवताही येतं, पण तसं करू नका असं अपाचेची माहितीपुस्तिकाच सांगते. कारण मग एक ओळ 'या' म्हणते, दुसरी 'थांबा' म्हणते, आणि शेवटी कुणाचं चाललं ते वाचून कळत नाही. संपादकांच्या खोलीचं दार उघडं आहे की बंद, हे फाइल वाचून समजत नसेल तर ती फाइल चांगली नाही, मग साइट रोज चालू का असेना.

तिसरी गोष्ट आकड्यांची. एका वेळी किती वाचकांसाठी कामगार उभे करायचे, या सेटिंगचं नाव पूर्वी 'मॅक्स-क्लायंट्स' होतं, आता 'मॅक्स-रिक्वेस्ट-वर्कर्स' आहे. प्रीफोर्क पद्धतीत त्याचा मूळ आकडा २५६. साइट मंदावली की पहिला मोह हा आकडा वाढवायचा होतो. आता हिशोब करा. समजा यंत्राची मेमरी १०२४ एमबी आहे. त्यातले ३०० यंत्राच्या आणि डेटाबेसच्या पोटापाण्याला गेले. एक कामगार साधारण ५० एमबी खातो असं धरलं, तर उरलेल्या ७२४मध्ये १४ जणच बसतात. २५६ जणांना १२,८०० एमबी लागतील. ते कुठून आणणार? मग यंत्र मेमरीतला माल डिस्कवर टाकायला लागतं, डिस्क मंद, आणि सगळ्यांचीच पानं अडकतात.

इंदूरकराला हे पोह्याच्या गाडीवरून लगेच कळेल. कढई एक, वाढणारा एक. त्यानं २५६ जणांच्या ऑर्डरी एकदम घेतल्या तर कुणालाच पोहे मिळत नाहीत. चौदा प्लेटा लावल्या, बाकीच्यांना रांगेत उभं केलं, तर सगळे खाऊन कामावर जातात. अपाचेही जास्तीच्या वाचकांना साधारणपणे हाकलत नाही, रांगेत थांबवतो. म्हणजे इथे आकडा कमी करणं हीच सुधारणा आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

याच गाडीवर आणखी एक गिऱ्हाईक असतं: पोहे संपले, पण 'कदाचित जलेबी घेईन' म्हणत बाकावर बसून राहणारं. सर्व्हरनं अशा वाचकासाठी किती सेकंद जागा धरून ठेवायची, ते 'कीप-अलाइव्ह-टाइमआउट' ठरवतं. अपाचेच्या २.० आवृत्तीत ते मुळात १५ सेकंद होतं, २.२पासून ५ झालं. जुन्या फाइलीतून नक्कल होत आलेला १५चा आकडा मात्र तसाच राहतो. चौदा जागा, त्यातल्या कितीतरी पंधरा-पंधरा सेकंद रिकाम्या बसलेल्यांनी अडवलेल्या.

मग ही सोय बंदच करून टाकू? नाही. मी बेटम्याहून बसनं इंदूरला येते. धार रोडवर मध्येच नेटवर्क पडतं, पुन्हा उठतं. जोडणी धरून ठेवली नाही तर प्रत्येक चित्रासाठी फोनला पुन्हा पहिल्यापासून ओळखपाळख करावी लागते, आणि पातळ नेटवर्कवर तीच सगळ्यात महाग पडते. पाच सेकंद ठीक आहेत. शून्य नको, पंधरा नको.

आता खास आपल्या मराठीचं. 'बेटमा' हा शब्द देवनागरीत लिहिला तर यूटीएफ-८मध्ये १५ बाइट लागतात, रोमन लिपीत ५. आपल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट पडतात. ऐकायला अन्याय वाटतो, पण त्या तीनांतला पहिला बाइट कायम एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. इतकी पुनरावृत्ती असलेला मजकूर दाबून पाठवला तर फार लहान होतो. त्यासाठी फाइलीत जी-झिपची सोय चालू असावी लागते. इंग्रजी साइटला तिचा फायदा होतो, आपल्याला जास्त होतो. बसमध्ये अंक उघडणाऱ्याच्या डेटाचा हा प्रश्न आहे.

याउलट एक जुनी ओळ मराठीच्या मुळावर येते. 'ॲड-डिफॉल्ट-कॅरसेट' या सेटिंगमध्ये पूर्वीच्या नमुना-फाइलींत पश्चिम युरोपीय लिपीचं नाव घातलेलं असायचं. पानाच्या आत 'हे यूटीएफ-८ आहे' असं लिहिलं असलं तरी ब्राउझर आधी सर्व्हरचं ऐकतो. मग तुमच्या कवितेच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनाचं चिन्ह, यांची रांग दिसते. दोष कवीचा नाही, टंकाचाही नाही. फाइलीतल्या एका ओळीचा आहे.

इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो दाराच्या कुलपावर. वाचक आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं तिसऱ्याला कळू नये म्हणून जी कुलपं वापरतात, त्यातली जुनी आता निकामी ठरली आहेत. एसएसएल ३मधली खोट ऑक्टोबर २०१४मध्ये गूगलच्या संशोधकांनी उघड केली. टीएलएस १.० आणि १.१ ही इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफनं मार्च २०२१मध्ये अधिकृतपणे बाद केली. आपण सभासदांकडून पासवर्ड घेतो, त्यांचं अप्रकाशित लेखन घेतो. ही कुलपं काढलीच पाहिजेत. पण अँड्रॉइडमध्ये टीएलएस १.२ मुळातच चालू आलं ते ५.०पासून. त्याआधीचा फोन किंवा टॅब अजून जपून वापरणारे आजोबा आपल्या वाचकांत असू शकतात. आपण एक ओळ खोडली की त्यांना एका सकाळी अंक दिसायचा बंद होईल, का ते कुणी सांगणारही नाही.

म्हणून आधी लॉग बघायचा. कोणती जोडणी कोणत्या आवृत्तीवर झाली, हे त्यात नोंदवता येतं. महिनाभर नोंद ठेवू, जुन्या कुलपाची जोडणी दिसली तर सभासदांना आधी कळवू, ज्यांना अडचण आहे त्यांना पीडीएफ पाठवू, आणि मग ओळ काढू. काढायचीच, पण माणसाला सांगून.

साहित्य मंडळाला ही गोष्ट नवी वाटायला नको. आजी-आजोबांच्या काळातली पुस्तकं उघडा: 'नांव', 'पांच', 'कांहीं'. त्या टिंबांचा उच्चार कुणी करत नव्हतं, तरी ती लिहिली जात होती. १९६२ सालच्या, मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. पण सगळी टिंबं काढली का? नाही. 'घरात' म्हणजे एका घरात, 'घरांत' म्हणजे अनेक घरांत. 'मुलाचा' आणि 'मुलांचा' यांतला सगळा फरक त्या एका टिंबात आहे. काम करणारं टिंब ठेवलं, नुसतं बसलेलं काढलं. टिंबं पवित्र आहेत म्हणून सगळी ठेवणारा आणि कटकट नको म्हणून सगळी उडवणारा, दोघांनीही मराठी वाचायचे कष्ट घेतलेले नसतात. सर्व्हरची फाइलही तशीच वाचावी लागते.

आमच्या बेटम्यात परमार राजा भोजाचा १०२० सालचा ताम्रपट सापडला आहे. कोकण जिंकल्याच्या निमित्तानं दिलेल्या दानाचा तो दाखला. चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकावं म्हणून असली दानपत्रं तांब्यावर कोरायचे, आणि ते योग्यच होतं. आपली फाइल ताम्रपट नाही. ती खोडता यावी म्हणूनच साध्या मजकुरात ठेवलेली असते.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. दर वर्षी नवी समिती आली की जुन्या आणि नव्या दोन्ही जबाबदार मुलांनी एक दुपार एकत्र बसावं. फाइलीची नक्कल बाजूला ठेवावी. वरून खाली प्रत्येक ओळ वाचावी आणि तिच्या डोक्यावर मराठीत लिहावं: ही कशासाठी, कुणी घातली, कोणत्या महिन्यात. सर्व्हर त्या टिपा वाचत नाही, पुढची मुलं वाचतील. जिचं कारण सापडत नाही, तिच्याबद्दल माहितीपुस्तिका उघडावी. ती बाद झालेली असेल तर काढावी. एका वेळी एकच बदल, मग 'कॉन्फिगटेस्ट' चालवून व्याकरण तपासावं, आणि वाचक जोडलेले असताना न तोडता सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावावी. बिघडलं तर नक्कल आहेच.

यानंतरही साइट मंद असेल, तर मोठ्या सर्व्हरसाठी वर्गणी मागायला मी स्वतः तुमच्या दारी येईन. त्याआधी ते पैसे अंकाच्या चित्रांसाठी ठेवू या.